ल्युपसचा थकवा आणि घरच्या घरी व्यायाम

ल्युपसच्या रुग्णाला सर्वांत जास्त त्रास कशाचा होतो, असे विचारले तर उत्तर बहुधा सांध्यांचे किंवा चेहऱ्यावरच्या लाल चट्ट्याचे येत नाही. ते थकव्याचे येते. दहांपैकी आठ-नऊ रुग्णांना तो केव्हा ना केव्हा गाठतो. रात्रभर झोप झाली तरी सकाळी अंगात त्राण नसते, भाकरी थापताना हात गळून येतात, उंबरठा ओलांडायचा म्हटला तरी पाय जड पडतात. रक्ताचे अहवाल सुधारले, सूज उतरली, लघवीतून प्रथिने जाणे थांबले, तरी हा थकवा मागे राहतो. औषधांनी आजार आटोक्यात येतो, थकवा मात्र त्याच प्रमाणात कमी होत नाही. व्यायामाचा विचार इथून सुरू होतो.

ल्युपस म्हणजे शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच पेशींवर उलटणे. त्वचा, सांधे, मूत्रपिंड, रक्तपेशी, हृदय व फुप्फुसांची आवरणे, मेंदू, यांपैकी कशालाही तो धरू शकतो. दहा रुग्णांत साधारण नऊ स्त्रिया असतात आणि बहुतेकींना तो १५ ते ४५ या वयात, म्हणजे घरचे, शेतातले आणि मुलाबाळांचे काम सर्वांत जास्त असते त्या वर्षांत होतो. नाकाच्या दोन्ही बाजूंनी गालांवर पसरणारा फुलपाखराच्या आकाराचा चट्टा ही त्याची प्रसिद्ध खूण. खेड्यात तो ‘वांग’ समजून सोडून दिला जातो, सांधेदुखी ‘वात’ म्हणून आणि थकवा ‘अशक्तपणा’ म्हणून. तिन्हींचा मेळ बसेपर्यंत पुष्कळदा काही वर्षे निघून गेलेली असतात.

खेड्यांत असे किती रुग्ण असतील, याच्या अंदाजासाठी हिंगोलीचे उदाहरण घेऊ. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, वसमत आणि औंढा नागनाथ असे पाच तालुके आहेत. २०११च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ११,७७,३४५ भरली. दिल्लीजवळच्या ग्रामीण भागात पाहणी करून डॉ. मालवीय आणि सहकाऱ्यांनी १९९३मध्ये लाखामागे ३.२ रुग्ण असा दर मांडला होता. तो धरला तर हिंगोलीत जेमतेम ३८ रुग्ण निघतात. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेला जागतिक अंदाज लाखामागे सुमारे ४३.७ इतका आहे. त्या हिशेबाने आकडा पाचशेच्या पुढे जातो. खरा आकडा या दोहोंच्या मध्ये कुठेही असला तरी एवढे निश्चित, की हे रुग्ण पाच तालुक्यांत विखुरलेले आहेत आणि त्यांच्यासाठी जिम, जलतरण तलाव किंवा आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपिस्टकडे जाणे हा व्यवहार्य पर्याय नाही. व्यायाम व्हायचा तर तो घरात, ओसरीवर, अंगणात किंवा गल्लीत व्हायला हवा. सुदैवाने या विषयावरच्या महत्त्वाच्या संशोधनातला बराच भाग घरीच करायच्या व्यायामावर झालेला आहे.

थकलेल्या माणसाने श्रम करावेत, हे प्रथम ऐकताना उलटे वाटते. त्यामागचे शरीरशास्त्र मात्र सरळ आहे. डॅलस येथे १९६६मध्ये विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवण्यात आले. एवढ्यात त्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता एक चतुर्थांशाहून अधिक घसरली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासले, तेव्हा तीस वर्षांच्या वयाने जेवढी हानी केली त्याहून जास्त हानी त्या तीन आठवड्यांनी केली होती असे दिसले. निरोगी तरुणांची ही गत, तर आजाराच्या प्रत्येक उसळीत दोन-दोन महिने बाजेवर पडणाऱ्या बाईची काय होत असेल? ल्युपसच्या रुग्णांची ही क्षमता निरोगी माणसांपेक्षा कमी असते, हे चाचण्यांत वारंवार दिसले आहे. आजार थकवा आणतो, थकव्यामुळे हालचाल कमी होते, हालचाल कमी झाली की स्नायू आणि हृदय ढिले पडतात, मग पूर्वी सहज होणाऱ्या कामालाही जास्त जोर लागतो आणि थकवा वाढतो. पहिला दुवा औषधांनी तुटतो, बाकीचे व्यायामाने.

अर्थात सगळाच थकवा ल्युपसचा नसतो, आणि इथे घाई करण्यात धोका आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. ल्युपसमध्ये त्यात आजाराची भर पडते: लोह कमी असते, दीर्घ दाहामुळे रक्त कमी बनते, काहींच्या तांबड्या पेशी शरीरच फोडते. थायरॉइडची मंदी ल्युपससोबत बरीच आढळते. ऊन टाळावे लागत असल्याने ड जीवनसत्त्व कमी पडते. झोप मोडते, उदासी येते, सर्वांगाला दुखरेपणा आणणारा फायब्रोमायाल्जिया जोडीला असू शकतो. स्टेरॉइड जास्त दिवस घेतल्याने मांड्यांचे व खांद्यांचे स्नायू अशक्त होतात. हिमोग्लोबिन सातवर असताना कोणी ‘रोज चाला’ म्हणून सांगत असेल, तर तो सल्ला चुकीचा आहे. आधी रक्त, मग चालणे. हिमोग्लोबिन, थायरॉइड, लघवीतली प्रथिने, क्रिएटिनिन आणि रक्तदाब एवढ्या तपासण्या व्यायामाच्या आधी झालेल्या असाव्यात. यातले काही महागडे नाही आणि जिल्ह्याच्या ठिकाणी सगळे होते.

थकवा मोजायचा कसा, हाही प्रश्न होताच. १९८९मध्ये लॉरेन क्रुप आणि सहकाऱ्यांनी नऊ विधानांची एक मोजपट्टी तयार केली. ती मल्टिपल स्क्लेरोसिस आणि ल्युपस या दोनच आजारांच्या रुग्णांवर पारखून घेतली होती. पुढच्या बहुतेक अभ्यासांत ती किंवा तिच्यासारखी एखादी वापरली गेली. यांतला सर्वांत बोलका अभ्यास २००३मध्ये लंडनच्या डॉ. टेंच आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. मोठ्या अवयवांत आजार सक्रिय नसलेल्या ९३ रुग्णांचे त्यांनी चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट पाडले. एका गटाने १२ आठवडे घरी हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम केला, त्यात मुख्यतः चालणे होते. दुसऱ्याने शिथिलीकरण केले आणि तिसऱ्याने नेहमीचे उपचार तेवढे घेतले. ‘पुष्कळ बरे’ किंवा ‘फारच बरे’ वाटते असे सांगणारे व्यायामाच्या गटात ३३पैकी १६, शिथिलीकरणाच्या गटात २८पैकी ८ आणि तिसऱ्या गटात ३२पैकी ५ निघाले. निम्म्यांना फायदा झाला, याचा अर्थ निम्म्यांना झाला नाही, हेही त्याच आकड्यांत आहे. व्यायामाने थकवा नाहीसा होतो असा दावा कोणी करू नये. पण ल्युपसच्या थकव्यावर निम्म्या रुग्णांना उपयोगी पडेल असे दुसरे स्वस्त साधन सहज हाताशी येत नाही.

नंतर ब्राझीलमध्ये साओ पावलो येथे देखरेखीखाली चालण्याचे प्रयोग झाले. त्यांत दमछाक कमी झाली, ताकद वाढली आणि मनःस्थितीही सुधारली. अमेरिकेत चार्ल्सटन येथे २०११मध्ये १५ कृष्णवर्णीय स्त्रियांना घरी दूरचित्रवाणीसमोर खेळायचा वी फिट हा खेळ देऊन पाहिले. दहा आठवड्यांत त्यांचा थकवा उतरला. मात्र तुलनेसाठी दुसरा गट नसल्याने त्यावर फार भर देता येत नाही. पुराव्यांची कडक छाननी करणाऱ्या कॉक्रेनच्या २०२३च्या आढाव्याने हात राखूनच निष्कर्ष काढला: अभ्यास छोटे आहेत, पद्धती वेगवेगळ्या आहेत आणि पुराव्याचा दर्जा कमी आहे. तरीही दोन गोष्टी जवळपास सर्व अभ्यासांत सारख्या दिसतात. व्यायामाने ल्युपस भडकला नाही, आणि थकवा वाढला नाही. रुग्णांची आणि नातेवाइकांची सर्वांत मोठी भीती हीच असते, म्हणून हे निष्कर्ष मोलाचे. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या ‘युलार’ या संघटनेने थकव्यावरच्या २०२३च्या शिफारशींत प्रत्येक रुग्णाला झेपेल अशा शारीरिक हालचालीला स्थान दिले आहे.

थकव्याखेरीज आणखी एक कारण आहे आणि ते जास्त गंभीर आहे. पिट्सबर्गच्या डॉ. सुझन मॅन्झी यांनी १९९७मध्ये दाखवून दिले, की ल्युपस असलेल्या ३५ ते ४४ वयाच्या स्त्रियांना हृदयविकाराचा झटका येण्याचा संभव त्याच वयाच्या इतर स्त्रियांच्या पन्नास पटींहून अधिक असतो. त्या वयात झटका मुळात दुर्मीळ असल्याने पट एवढी मोठी दिसते हे खरे, पण धोका खोटा नाही. स्टेरॉइडमुळे वजन, साखर आणि रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात. यांतल्या प्रत्येकावर चालणे आणि ताकदीचा व्यायाम यांचा उपयोग होतो. थकव्यात फरक पडला नाही म्हणून चालणे सोडू नये, ते यासाठी.

हिंगोलीसारख्या जिल्ह्यात या सगळ्याच्या आड येणारे वाक्य एकच असते: ‘दिवसभर राबतेच की, अजून व्यायाम कशाला?’ प्रश्न रास्त आहे आणि त्याला उडवून लावणारे डॉक्टर चुकतात. सोयाबीनची खुरपणी आणि सोंगणी, दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणी, उन्हाळ्याच्या तोंडावर हळद काढणे, शिजवणे आणि वाळवणे. घरी पाणी भरणे, धुणे, भाकरी, जनावरांचे शेण. हे श्रम लंडनच्या प्रयोगातल्या कुठल्याही व्यायामापेक्षा जास्त आहेत. तरी ते व्यायामाची जागा घेत नाहीत. व्यायामाचे प्रमाण शरीराला पाहून ठरते, मजुरीचे प्रमाण पिकाला पाहून. वाफ्यातली हळद निघायची आहे म्हणून बाई आठ तास वाकून बसते. दमली म्हणून चौथ्या मिनिटाला थांबत नाही. काम उन्हात असते, आणि ऊन हेच ल्युपसचे खतपाणी आहे. कामात तेच ते सांधे आणि तेच ते स्नायू एका बाजूने वापरले जातात. कंबर आणि मनगटे झिजतात, हृदयाचा दम मात्र वाढत नाही. शिवाय काम हंगामी असते: पंधरा दिवस मरणाचे, मग महिनाभर काहीच नाही. नियमितपणा नसेल तर शरीराची क्षमता वाढत नाही, नुसते शरीर शिणते.

म्हणून अशा रुग्णाच्या बाबतीत ‘किती व्यायाम वाढवायचा’ यापेक्षा ‘कोणते काम कमी करायचे’ हा हिशेब आधी करावा लागतो. दिवसाची ताकद मर्यादित आहे. पाण्याच्या दोन खेपा दुसऱ्या कोणी घातल्या तरच वीस मिनिटांचे चालणे त्यात बसते. सासू-सासऱ्यांना आणि नवऱ्याला हे डॉक्टरांनी समोर बसवून सांगायला हवे. सुनेने स्वतः सांगितले तर ते कामचुकारपणा म्हणून घेतले जाते. बाहेरून धडधाकट दिसणारा माणूस आतून थकलेला असू शकतो, हे पटवायला कधी रक्ताचा अहवाल दाखवावा लागतो. दाखवावा. मजुरीवर पोट असलेल्या घरात मात्र कामाला नाही म्हणणे शक्य नसते. तिथे निदान खुरपणीऐवजी सावलीतले निवडण्या-पाखडण्याचे काम घेणे, दुपारी बारा ते तीन सुटी मागणे, तासातून एकदा उभे राहून पाठ ताठ करणे एवढे तरी साधते.

कोणी सुरुवात करू नये, हेही स्पष्ट असावे. ताप, नवा चट्टा, सांध्यांना नव्याने सूज, तोंडात फोड येणे, लघवी फेसाळ होणे किंवा पायांवर सूज येणे, ही आजार उसळल्याची लक्षणे आहेत. अशा वेळी तज्ज्ञाला दाखवून उपचार बसेपर्यंत व्यायाम थांबवावा. सांधे आखडू नयेत एवढे हलके हलवणे चालू ठेवावे. छातीत दुखणे, चार पावलांत धाप लागणे, चक्कर, छाती धडधडणे, यांसाठी त्याच दिवशी दवाखाना गाठावा. एकाच पोटरीला सूज आणि कळ असेल तर तिथे रक्ताची गाठ असू शकते; ती पोटरी चोळू नये. ल्युपसमध्ये काहींचे रक्त सहज गोठते, म्हणून ही खूण महत्त्वाची. प्लेटलेट फार कमी असतील तर पडण्या-आपटण्याचा धोका असलेला कोणताही प्रकार नको. आणि स्टेरॉइड घेणाऱ्याची जांघ दुखू लागली, चालताना लंगडे पडू लागले, तर ‘चालून मोकळे होईल’ असे समजून चालत राहणे घातक ठरते. खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून हाड मरू लागण्याचा तो आरंभ असू शकतो. साध्या एक्स-रेत तो सुरुवातीला दिसत नाही, एमआरआय करावा लागतो.

पाया चालण्याचाच असावा. त्याला साहित्य लागत नाही, शिकवावे लागत नाही आणि त्यावरचा पुरावा सर्वांत जास्त आहे. ज्या बाईला अंगणाच्या टोकापर्यंत जाऊन येतानाच दम लागतो, तिने पाच मिनिटांपासून सुरुवात करावी, एक दिवसाआड. ती पाच मिनिटे दोन आठवडे त्रास न होता जमली की आठवड्याला दोन मिनिटे वाढवावीत, त्याहून जास्त नाही. असे करत तीन-चार महिन्यांत आठवड्यातून तीन ते पाच दिवस अर्धा तास, इथवर पोचता येते. सलग अर्धा तास न जमल्यास दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडेही चालतात. वेग किती असावा, यासाठी स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांची मोजपट्टी जगभर वापरतात. शून्य म्हणजे काहीच श्रम नाहीत आणि दहा म्हणजे जिवाच्या आकांताने. ल्युपसच्या रुग्णाने तीन ते पाचच्या दरम्यान राहावे. मोजपट्टी हाताशी नसेल तर चालता चालता बोलता यावे पण अभंग म्हणता येऊ नये, एवढी खूण पुरे.

चालण्याची वेळ ल्युपसमध्ये औषधाइतकी महत्त्वाची ठरते. सूर्याच्या अतिनील किरणांनी त्वचेतल्या पेशी मरतात, त्यांच्या केंद्रकातला माल बाहेर पडतो आणि त्याच मालावर खवळलेली संरक्षणयंत्रणा आणखी खवळते. नुसता चट्टा येऊन भागत नाही, सांधे आणि मूत्रपिंडही पेटू शकतात. हिंगोलीत एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे जातो. म्हणून झुंजुमुंजू असताना किंवा दिवे लागल्यावर चालावे. पूर्ण बाह्यांचा झंपर, डोक्यावरून पदर किंवा तोंडाला रुमाल, आणि परवडत असेल तर सनस्क्रीन लावावे. हे उन्हातून ये-जा करतानाही पाळावे. अंधारात बाईने एकटीने रस्त्यावर चालणे गावात अवघड असेल तर घरातच, स्वयंपाकघरापासून ओसरीपर्यंत फेऱ्या घालाव्यात. पत्र्याची खोली रात्री उशिरापर्यंत तापलेली असते, तिच्यापेक्षा माळवदाचे घर बरे. अनवाणी चालू नये: स्टेरॉइड आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्याच्या पायाची साधी जखमही लवकर चिघळते. पाणी पिऊन निघावे. दुखण्यावरच्या गोळ्या घेऊन, पाणी न पिता उन्हात श्रम केल्यास मूत्रपिंडावर दुहेरी मार बसतो.

इथे एक आडवळणाची गोष्ट. नर्सी हे संत नामदेवांचे गाव याच जिल्ह्यातले, आणि आषाढीला तिथून पंढरपूरकडे पालखी जाते. चार महिन्यांच्या चालण्याने अंगात बळ आलेल्या रुग्णाला वारीची ओढ लागणे स्वाभाविक आहे. रोज अर्धा तास आणि रोज पंधरा-वीस किलोमीटर, तेही दिवसाउजेडी, यांत मात्र फार अंतर आहे. ज्यांना जायचेच आहे त्यांनी एखादा टप्पा चालावा आणि बाकी एसटीने जावे.

चालण्याने दम वाढतो, मांड्यांची ताकद फारशी वाढत नाही, आणि स्टेरॉइडचा घाला मांड्यांवरच असतो. खेड्यातले जगणे जमिनीवरचे: चुलीपुढे बसणे, पंगतीला बसणे, शौचाला उकिडवे बसणे. जमिनीवरून हाताचा टेकू न घेता उठता येते का, हीच खरी परीक्षा. उठता येत नसेल तर खुर्चीपासून सुरुवात करावी. भिंतीला टेकवलेल्या मजबूत खुर्चीवर किंवा बाजेवर बसायचे, हात छातीशी घ्यायचे आणि उठून पुन्हा सावकाश बसायचे. आधी पाच वेळा, मग आठ, मग दहा, आणि असे दोन फेरे. नंतर ठेंगणे स्टूल, शेवटी पाट. भिंतीपासून हातभर दूर उभे राहून तिला ढकलल्याने खांदे व दंड सुधारतात. उताणे झोपून, गुडघे वाकवून कंबर उचलल्याने पाठ आणि नितंब. चौकट धरून टाचा उचलल्याने पोटऱ्या आणि तोल. वजन हवेच असेल तर अर्ध्या लिटरची पाण्याने भरलेली बाटली पुरते; बोटे दुखत असतील तर तिच्यावर फडके गुंडाळावे, म्हणजे मूठ घट्ट आवळावी लागत नाही. जोर लावताना श्वास रोखू नये, रक्तदाब चढतो. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये एक दिवस सोडून, एवढे पुष्कळ झाले. ल्युपसमध्ये सांध्यांभोवतालचे बंध सैल पडून बोटे वाकडी होतात, पण हाताने सरळ करता येतात. अशा हातांना ताण देऊन ‘मोकळे’ करायचे नसते. त्यांना आधार लागतो.

योगाचा विषय निघाल्याशिवाय महाराष्ट्रात व्यायामाची चर्चा पुरी होत नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापून आसनांचा शरीरावरचा परिणाम प्रयोगशाळेत मोजायला सुरुवात केली. पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी खुर्ची, लोड, पट्टा आणि ठोकळे यांचा आधार देऊन आजारी माणसालाही आसन करता येईल अशी पद्धत बसवली. ल्युपसच्या रुग्णाला यातली दुसरी जास्त उपयोगी, कारण तीत ताकद न खर्चता शरीर मोकळे होते. ल्युपसमध्ये योगावर झालेले अभ्यास मोजके आणि लहान आहेत. तो चालण्याच्या जोडीला घ्यावा, चालण्याऐवजी नव्हे. सूर्यनमस्काराला साताऱ्याकडच्या औंध संस्थानाचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी घरोघरी नेले. तो चांगला पण जोमाचा व्यायाम आहे. स्टेरॉइडने हाडे ठिसूळ झालेल्यांनी त्यातली कमरेतून खोल वाकण्याची आसने टाळावीत, मणका चेपू शकतो. आणि तो उगवत्या उन्हात न घालता घरात घालावा. सूर्याची त्याला हरकत नसावी. झोपण्याआधी दहा मिनिटे संथ श्वसन केल्यास झोप सुधारते. टेंच यांच्या अभ्यासात शिथिलीकरणानेही काहींना बरे वाटलेच होते.

बहुतेक रुग्ण व्यायाम सोडतात ते आळसाने नव्हे, अतिउत्साहाने. एखाद्या दिवशी बरे वाटले की साठलेले धुणे, सारवण, बाजारहाट आणि पाऊण तास चालणे एकाच दिवशी उरकले जाते. आज उसनी घेतलेली ताकद उद्या व्याजासकट फेडावी लागते, आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात जातात. मग ‘मला व्यायाम बाधतो’ असा समज पक्का होतो. यावर उपाय असा, की चांगल्या दिवशीही ठरल्यापेक्षा जास्त करायचे नाही आणि वाईट दिवशीही निम्मे तरी करायचे. व्यायामानंतरचा शीण तास-दोन तासांत उतरला तर प्रमाण बरोबर आहे. दुसऱ्या दिवशीही तो कायम असेल तर मिनिटे निम्मी करावीत. भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या चौकटीत रोजची मिनिटे आणि शून्य ते दहात थकवा लिहून ठेवला, तर महिन्याने कोणालाही कल कळतो. लिहिता येत नसेल तर शाळकरी मूल लिहून देते. एखाद्या दिवसाच्या आकड्यावरून काही ठरवू नये. बारा आठवड्यांची चौकट पाहावी, कारण फायदा दिसलेले अभ्यास साधारण तेवढ्याच मुदतीचे होते.

औषधांचा आणि व्यायामाचा संबंध एका वाक्यात सांगता येतो: व्यायाम सुरू केला म्हणून एकही गोळी कमी करायची नाही. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही ल्युपसची पायाभूत गोळी आहे. २०२०मध्ये करोनावरचा उपाय म्हणून ती बाजारातून गायब झाली, तेव्हा जगभरच्या ल्युपसच्या रुग्णांची पंचाईत झाली होती. ती बंद केली की आजार उसळण्याचा संभव वाढतो. स्टेरॉइड तर एकाएकी थांबवणे जिवावर बेतू शकते.

संधिवाततज्ज्ञ मोठ्या शहरांत आहेत. हिंगोलीच्या रुग्णाला बहुधा नांदेड, छत्रपती संभाजीनगर किंवा पुणे गाठावे लागते. नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय हे सर्वांत जवळचे जुने मोठे रुग्णालय, पूर्णेमार्गे रेल्वेनेही जाता येते. हिंगोलीला २०२४मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, त्यामुळे पुढे हे अंतर कमी व्हावे. तोवर तज्ज्ञाची भेट दोन-तीन महिन्यांतून एकदाच होणार, हे धरून चालावे आणि त्या भेटीत पाच गोष्टी विचारून घ्याव्यात: आजार सध्या शांत आहे का, हृदय आणि फुप्फुसे ठीक आहेत का, हाडांची घनता तपासायला हवी का, खुब्यांत काही दोष आहे का, आणि एवढ्यावर चालायला परवानगी आहे का. फिजिओथेरपिस्टला एकदा भेटून खुर्चीवरून उठण्याची, भिंत ढकलण्याची पद्धत समोर करून दाखवून घ्यावी. घरच्या फोनवर तिचे चित्रण करून ठेवले तर पुन्हा पुन्हा जावे लागत नाही. मधल्या काळात ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवरून डॉक्टरांचा सल्ला मिळू शकतो. गावातल्या आशाताईंना रक्तदाब आणि पायांवरची सूज पाहण्याची सवय असते. त्यांना आजाराचे नाव लिहून दिले तर धोक्याची लक्षणे लवकर ओळखली जातात.

व्यायामाने कमावलेली क्षमता साठवून ठेवता येत नाही. थांबवला की काही आठवड्यांत ती ओसरू लागते. हळदीचा हंगाम, लग्नसराई, बाळंतपण, आजाराची उसळी, यांपैकी कशाने ना कशाने खंड पडणारच. खंड पडल्यावर जिथे सोडले तिथून सुरू करू नये. आठवडाभराचा खंड असेल तर जुन्या मिनिटांच्या निम्म्यापासून, महिन्याचा असेल किंवा मध्ये आजार उसळला असेल तर डॉक्टरांना विचारून पुन्हा पाच मिनिटांपासून सुरुवात करावी.